वावर नऊ एकर, ऑफर तीन: परदेशी बिझनेस स्कूल कसं निवडायचं

मागच्या मार्चमध्ये दारव्ह्याकडच्या एका पोराचा फोन आला. घरी नऊ एकर कोरडवाहू वावर, पुसदला इंजिनीअरिंग, मग पुण्यात चार वर्षं नोकरी. हातात तीन ऑफर लेटर: इंग्लंड, कॅनडा, जर्मनी. "दादा, कोन्तं घेऊ?" मी त्याला रँकिंग विचारलं नाही. विचारलं, "शिकून झालं, नोकरी नाही लागली अन् वर्षभरात परत यावं लागलं, तर हप्ता कोन भरन?" तो थांबला. मग म्हणाला, "हे तर कोनीच नाही विचारलं."

मलाही कोणी विचारलं नव्हतं. मी सप्टेंबर २०११ मध्ये इंग्लंडला गेलो. शिक्षणानंतर तिथे दोन वर्षं काम करता येतं, या भरवशावर बाबांनी कर्जावर सही केली होती. तो व्हिसा एप्रिल २०१२ मध्ये बंद झाला. बंद होणार हे तिथल्या सरकारने मार्च २०११ मध्येच जाहीर केलं होतं, म्हणजे मी फी भरायच्या आधी. माझ्या सल्लागाराने सांगितलं नाही आणि मी स्वतः सरकारी पान उघडून पाहिलं नाही. डिग्री घेऊन परतलो, नागपुरात नोकरी धरली आणि पुढची सात वर्षं पगारातला मोठा वाटा बँकेला दिला. डिग्री वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण निवड मी उलट्या टोकाकडून केली होती. खाली जो क्रम दिला आहे तो म्हणूनच जरा वेगळा वाटेल. शाळांची यादी त्यात बरीच उशिरा येते.

पहिली पायरी: तुम्हाला एमबीए हवं आहे का, हे तपासा

आपल्याकडे बीकॉम किंवा बीई झालं की लगेच एमबीए करतात. बाहेर तसं नाही. तिकडच्या चांगल्या शाळांत एमबीएच्या वर्गात बसणाऱ्याकडे साधारण तीन ते सहा वर्षांचा कामाचा अनुभव असतो. नुकताच पदवीधर झालेल्यासाठी वेगळा कोर्स आहे, मास्टर्स इन मॅनेजमेंट. त्याची फी बहुतेक ठिकाणी एमबीएपेक्षा बरीच कमी असते. अनुभव नसताना कोणी तुम्हाला "एमबीए" देऊ करत असेल तर त्या शाळेकडे जरा संशयानेच बघा. तिला विद्यार्थ्यापेक्षा फीची गरज जास्त असू शकते.

एकाच शहरात हा फरक किती असतो ते जर्मनीतल्या मानहाइमला दिसतं. तिथल्या विद्यापीठाचा मास्टर इन मॅनेजमेंट सरकारी आहे. त्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो फी पडते. त्याच विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलचा एमबीए मात्र पूर्ण फीचा आहे, ती हजारो युरोंत जाते. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य आपल्याकडे एसटी स्टँडपर्यंत पोचलंय, पण ते एमबीएला सहसा लागू होत नाही.

आणि हो, घराजवळचाही एक पर्याय तोलून बघा. नागपूरला आयआयएम आहे, २०१५ पासून; आता मिहानमध्ये. नोकरी शेवटी भारतातच करायची असेल तर तो रस्ता कमी कर्जाचा आहे. बाहेर का जायचं याचं एका वाक्यात उत्तर देता येत नसेल तर अर्जाचे पैसे अजून भरू नका.

दुसरी पायरी: कर्जाचं गणित, शाळेच्या आधी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. आपल्या भागातली पोरं अडकतात ती बहुतेक इथेच.

समजा सगळा खर्च धरून ४० लाखांचं कर्ज काढलं, व्याज साडेदहा टक्के, परतफेड दहा वर्षांची. महिन्याचा हप्ता सुमारे ५४ हजार येतो. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही, ते वेगळं चढतं. आता तुमच्या शाखेचा पोरगा नागपूर-पुण्यात जो पगार घेतो तो कागदावर लिहा. त्यातून ५४ हजार गेल्यावर उरलेल्यात खोलीचं भाडं, डबा आणि घरी पाठवायचे पैसे बसतात का? बसत नसतील तर ४० लाखांची शाळा तुमच्यासाठी नाही, तिचं नाव कितीही मोठं असो. स्कॉलरशिप मिळाली किंवा फी कमी झाली तरच तिचा विचार. मी याला परतीचा हप्ता म्हणतो. तीन ऑफरपैकी एक तर बहुतेक वेळा इथेच गळते.

पुढचा प्रश्न तारणाचा. साधारण साडेसात लाखांच्या वर सरकारी बँक तारण मागते. आणि घरात पहिला धक्का इथे बसतो. बाबा सातबारा घेऊन बँकेत जातात, मॅनेजर तो परत करतो. दहा एकर असो की तीस, शेतजमीन शैक्षणिक कर्जाला सहसा चालत नाही. यात तुमचा अपमान नाही, कारण कायद्यात आहे. थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण जप्त करायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला आणि त्याच कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. जप्त करता येत नाही ते तारण बँकेला नको असतं. पीककर्जाला तेच वावर चालतं, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

मग चालतं काय? अकृषक केलेला प्लॉट, तालुक्याच्या गावातलं नगरपरिषद हद्दीतलं घर, नागपूर-अमरावतीतला फ्लॅट, मुदत ठेव, एलआयसीची पॉलिसी (तिच्या सरेंडर किमतीएवढीच). मालमत्ता तुमच्याच नावावर असायला हवी असं नाही. मामाचा फ्लॅट मामाच्या संमतीने तारण ठेवता येतो, पण मामाला नीट समजावून सांगा की तो अडकणार आहे. लग्नात जेवढ्या सहज "हो" म्हणतात तेवढ्या सहज घेतलेली सही पुढे नाती मोडते. गावठाणातलं घर ही अवघड गोष्ट. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावोगावी मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत, पण प्रत्येक शाखा ते घर मोठ्या कर्जाला घेईलच असं नाही. तोंडी होकारावर राहू नका, लेखी विचारा.

कागदांना वेळ लागतो. आजोबांच्या नावावरचा प्लॉट, वारस नोंद झालेली नाही, आत्याची सही बाकी, ती राहते राजुऱ्याला. असं निम्म्या घरांत असतं. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो आणि त्यात हे सगळं वर येतं. ऑफर आल्यावर तलाठ्याकडे जाल तर शाळेची तारीख निघून जाईल. अर्ज करायच्या आधीच फेरफार करून घ्या.

तारण नसेल तर खासगी वित्त कंपन्या देतात, व्याज जास्त लावून. प्रॉडिजी फायनान्स, एमपॉवर यांसारख्या परदेशी कंपन्या तारण आणि जामीनदार दोन्हीशिवाय देतात, पण त्यांच्या यादीतल्या शाळांनाच, आणि कर्ज डॉलरमध्ये असतं. पगार रुपयात आणि हप्ता डॉलरमध्ये, हे परतीच्या हप्त्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट लग्न. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेचं नाव ऐकून धावू नका, ती भारतातल्या संस्थांसाठीच आहे.

एक बारकी गोष्ट, पण पैसे वाचवणारी: फी बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट गेली तर एप्रिल २०२५ पासून त्यावर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) कापला जात नाही. स्वतःच्या खात्यातून वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवलं तर कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळतो खरा, पण ऐन गरजेच्या वेळी पैसा अडकतो.

तिसरी पायरी: सरकारी शिष्यवृत्ती आणि तिचा सापळा

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जातींबरोबरच भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांनाही मिळते. भूमिहीन शेतमजूर हा गट आपल्याकडे किती मोठा आहे, आणि हे किती थोड्यांना माहीत आहे! आदिवासी, इतर मागासवर्ग, मराठा समाज (सारथी संस्थेमार्फत) आणि खुल्या गटातल्या कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. जागा मोजक्याच असतात. उत्पन्नाची आणि वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. मागच्या वर्षीच्या भावाला काय लागलं होतं यावर जाऊ नका.

आता सापळा. या योजनांत विद्यापीठ क्यूएस या रँकिंग संस्थेच्या जागतिक यादीत अमुक क्रमांकाच्या आत हवं अशी अट असते. ती यादी संपूर्ण विद्यापीठांची असते. लंडन बिझनेस स्कूल किंवा इन्सियाड यांसारख्या फक्त व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था त्या यादीत नसतातच. जगातल्या पहिल्या दहा बिझनेस स्कूलमध्ये गणली जाणारी शाळा मिळाली, तरी क्रमांक दाखवता न आल्याने शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. उलट एखाद्या मोठ्या विद्यापीठाची मध्यम बिझनेस स्कूल सहज बसते. म्हणून शिष्यवृत्तीवर जाणार असाल तर आधी ती यादी घ्या आणि तिच्यातूनच शाळा निवडा.

इंग्लंडच्या सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती जात किंवा उत्पन्न बघत नाही. तिला २८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यावंच लागतं. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे चेव्हनिंगवर लंडनला शिकले. त्यांची एकलव्य संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना अर्जाच्या कामात मदत करते.

चौथी पायरी: देशाचे नियम, तुमच्या बाहेर पडण्याच्या तारखेचे

नियम आजचा बघू नका, डिग्री हातात येईल त्या दिवशीचा बघा. माझं हेच चुकलं होतं.

इंग्लंडचा कामाचा व्हिसा २०२१ मध्ये परत सुरू झाला, दोन वर्षांचा. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला १८ महिनेच मिळतील. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला एका वर्षाच्या कोर्सला जाणाऱ्याने दोन वर्षं डोक्यातून काढून टाकावीत. त्यानंतर टिकायचं तर कंपनीने स्पॉन्सर करायला हवं. त्यासाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे, नव्याने कामाला लागणाऱ्यांना ती थोडी खाली. नवरा-बायकोपैकी एकाने शिकायचं आणि दुसऱ्याने सोबत जाऊन कमवायचं, हा बेत जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (म्हणजे संशोधनाच्या नसलेल्या) मास्टर्सला चालत नाही.

अमेरिकेत डिग्रीनंतर १२ महिने काम करता येतं. कोर्स स्टेम गटातला (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर आणखी २४ महिने. एमबीए स्टेममध्ये आहे की नाही हे माहितीपत्रकावरून ठरवू नका, शाळेला सीआयपी कोड, म्हणजे कोर्सचा अमेरिकेतला सरकारी वर्गीकरण क्रमांक, विचारा. ५२.०२०१ म्हणजे साधं बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, ते स्टेममध्ये नाही. ५२.१३०१ म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, ते आहे. दोन शाळांमध्ये बाकी सगळं सारखं असेल तर या सहा आकड्यांच्या कोडवर निर्णय घ्यायला हरकत नाही. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, वर्षाला ८५ हजार जागा. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यासाठी एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. "आधी घरी येतो, मग बघू" हा विचार त्यामुळे महाग पडतो.

कॅनडात मास्टर्स दोन वर्षांपेक्षा लहान असला तरी तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं, हे चांगलं आहे. पण सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम भाड्याने घेऊन शिकवणाऱ्या खासगी कॉलेजात मे २०२४ नंतर प्रवेश घेतलेल्यांना ते परमिट नाही. एजंटांच्या यादीत अशी नावं असू शकतात. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं. जर्मनीला भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (डिग्रीचे कागद खरे असल्याचं) आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, लागतात. आणि जर्मन भाषा. ती आली नाही तर व्यवस्थापनाच्या नोकऱ्या थोड्याच उरतात, इंजिनीअरचं एक वेळ चालून जातं.

पाचवी पायरी: आता शाळा

रँकिंग बघा, पण ते कशाचं बनलंय ते आधी वाचा. फायनान्शियल टाइम्सची एमबीए यादी पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांचा पगार धरते, आणि तो क्रयशक्तीप्रमाणे, म्हणजे त्या देशात त्या पैशात किती येतं ते धरून, डॉलरमध्ये बदलून. त्यामुळे भारतातल्या पगाराचा आकडा तिथे फुगलेला दिसतो. तो आकडा कोणाच्या खात्यात जमा होत नाही. यादीत २३ वी आणि ३१ वी यात तुमच्या आयुष्याला फरक पडत नाही.

मान्यता मात्र बघाच: एएसीएसबी, इक्विस, एएमबीए. तिन्ही असलेल्या शाळा जगात सुमारे एक टक्का आहेत. एकही नसेल तर तिथे कर्ज काढून जाऊ नका.

खरा कागद म्हणजे प्लेसमेंट अहवाल. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा त्यात कायमची कामाची परवानगी असलेले आणि नसलेले विद्यार्थी वेगळे दाखवतात. तुम्ही दुसऱ्या रांगेतले. पहिल्या रांगेत नव्वद टक्के आणि दुसऱ्या रांगेत साठ, असं असेल तर तुमचा आकडा साठ आहे. टक्केवारी कशावर काढली तेही बघा. "नोकरी शोधत असलेल्यांपैकी" असं लिहिलं असेल तर शोध सोडून घरी गेलेले त्यात मोजलेले नसतात. शाळा ही रांग दाखवत नसेल तर मेल करून विचारा. गोलमाल उत्तर आलं तर ते उत्तरच समजा.

मग लिंक्डइनवर त्या शाळेचे मागच्या दोन बॅचचे भारतीय शोधा आणि पाच-सहा जणांना लिहा. आयआयटी, मग मोठी सल्लागार कंपनी, मग लंडन, अशांना सोडून द्या. आपल्यासारखी पार्श्वभूमी असलेला, साध्या कॉलेजातला माणूस शोधा आणि त्याला दोनच गोष्टी विचारा: नोकरी किती महिन्यांनी लागली, आणि तुझ्या वर्गातले किती भारतीय परत गेले. लोक खरं सांगतात, विशेषतः फोनवर.

एजंटबद्दल थोडंसं. नागपूरच्या ऑफिसात "आमची सेवा मोफत" असं लिहिलेलं असतं. तुम्ही प्रवेश घेतला की विद्यापीठ त्यांना कमिशन देतं. म्हणजे बाजार समितीतला अडत्याच म्हणा, फक्त इथे माल तुम्ही आहात. फॉर्म भरायला त्यांची मदत घ्या, शाळा निवडायला नको.

सहावी पायरी: कागद आणि तारखा

आपल्या मार्कशीटवर बहुतेकदा आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर आडनावाचा आणि नावाचा खाना वेगळा. हे जुळत नसेल तर व्हिसापर्यंत प्रत्येक टेबलावर प्रश्न येतो. आधी पासपोर्ट दुरुस्त करा, मग त्यावरच्याच नावाने परीक्षा द्या. अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना, विद्यापीठ कोणतंही असो, ट्रान्स्क्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाचा अधिकृत उतारा) दोन महिने हातात ठेवा आणि चार-पाच जादा प्रती घ्या.

जीमॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा आता नवीन आहे: सव्वादोन तास, गुण २०५ ते ८०५. जुन्या परीक्षेतले ७०० म्हणजे नवीनतले साधारण ६४५. जुन्या माहितीवर विसंबून ६४५ ला रडत बसू नका. निबंधात "लहानपणापासून नेतृत्वाची आवड" हे वाक्य नको, ते सगळ्यांचंच असतं. बाबांसोबत जिनिंगवर गाडीत रात्र काढली असेल, ओल्या कापसाला व्यापाऱ्याने किती कट्टी लावली ते पाहिलं असेल, तर ते लिहा. ते व्यवस्थापनच आहे.

तारखांचा मेळ शेतीशी घाला. एमबीएची पहिली फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरला, दुसरी जानेवारीला, आणि जागा पक्की करायची रक्कम मागतात साधारण मार्च ते मे. सोयाबीनचे पैसे दिवाळीला येतात आणि बियाणं-खत जूनला लागतं. मधले महिने घरात हात आखडलेले असतात. दिवाळीलाच ती रक्कम बाजूला काढा. इंग्लंडच्या व्हिसाला दाखवायचा पैसा २८ दिवस सलग खात्यात लागतो, आदल्या आठवड्यात काकाकडून आणून टाकलेला चालत नाही. जागा पक्की करायला भरलेली रक्कम प्रवेश नाकारल्यास किंवा व्हिसा नाकारल्यास परत मिळते का, हे भरायच्या आधी लेखी घ्या. अमेरिकेच्या मुलाखतीला आपल्याकडून बरेच जण मुंबई गाठतात. विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट आधी काढा, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्रीची गाडी धरू नका.

दारव्ह्याच्या पोराच्या तीनपैकी कॅनडाचं कॉलेज चौथ्या पायरीला गळलं, परमिटच्या नियमात बसत नव्हतं. इंग्लंडचं परतीच्या हप्त्यात बसेना. जर्मनीचं उरलं, पण त्याला जर्मन येत नाही. त्याने शाळेला मेल करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून मागितला आहे, आणि दिग्रस रोडवरच्या आजोबांच्या प्लॉटची वारस नोंद करायला तलाठ्याकडे अर्ज दिला आहे. आत्याची सही तेवढी राहिली आहे.